सोसायटीसाठी टोइंगवाला ठरवताय? आधी आमच्या इंडिकाची गोष्ट ऐका

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमची ६४ फ्लॅटची सोसायटी आहे, तिथे मी तीन वर्षं सेक्रेटरी होतो (हौस नव्हती, दुसरं कोणी तयार होईना म्हणून). व्हिजिटर पार्किंगमध्ये एक पांढरी इंडिका २०२० च्या लॉकडाऊनपासून उभी होती, चारही टायर बसलेले, टपावर कबुतरांचा संसार, काचेवरच्या धुळीत पोरांची फुल्ली-गोळा खेळून झालेली. गाडी एका भाडेकरूची आणि तो भाडेकरू कधीच सोडून गेलेला. एका रविवारी मिसळ खाता खाता कमिटीत ठरलं की आता उचलून टाकायची, मग मी मोबाईलवर शोधून जो सगळ्यात स्वस्त बोलला त्याला बोलावलं. वीस मिनिटांत हजर. गाडी कोणाची, कुठे न्यायची, का न्यायची, एक अक्षर विचारलं नाही पठ्ठ्याने, साखळी अडकवली आणि ओढायला लागला. हँडब्रेक जाम होता, मागची चाकं फिरेचनात, पेव्हर ब्लॉकवर गेटपर्यंत दोन काळे पट्टे उमटले ते आजही आहेत, आणि पुढचा बंपर अर्ध्या वाटेत खाली. आम्ही उभे राहून बघत होतो आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी मालक पुण्याहून आला, हातात आरसी बुक, सोबत पोलीस. गाडी माझ्या नावावर, मी कोणाला परवानगी दिली नाही, माझी गाडी कोणी नेली? उत्तर काय देणार. हवालदारसाहेबांनी आम्हालाच सुनावलं, बंपरचे पैसे सोसायटीने भरले, गाडी ज्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन ठेवली होती त्याचं भाडं पण आम्हीच भरलं, आणि एजीएमला (वार्षिक सभेत) माझी जी धुलाई झाली ती वेगळीच.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी बी विंगमधल्या एका काकांची गाडी बेसमेंटमध्ये बंद पडली म्हणून दुसऱ्या एकाला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, गाडी कोणाची? मालक हजर आहे का? नसेल तर सही केलेलं काही आहे का?" तेव्हा माझं डोकं फिरलं होतं, म्हटलं अरे बाबा तू गाडी उचल ना, कागदाचं काय करतोस. आज आमच्याकडे वर्षभरासाठी हाच माणूस ठरवलेला आहे. टोइंगवाला निवडताना मी आता सगळ्यात आधी हेच बघतो, की तो हुक लावायच्या आधी कागद विचारतो का. रेट, गाडी, अंतर सगळं नंतर.

आता मुळात सोसायटीला टोइंगवाला लागतो कशाला ते नीट ठरवून घ्या, कारण बऱ्याच कमिट्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं, कोणी आडवी गाडी लावली की क्रेन बोलवायची आणि उचलायची. अमेरिकेत घरमालकांच्या संघटना टोइंग कंपनीशी करारच करून ठेवतात म्हणे आणि चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलली जाते, पण ते तिकडच्या कायद्यात बसतं, आपल्याकडे ते जसंच्या तसं उचलता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७ बघा. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली किंवा नो पार्किंगमध्ये लावलेली गाडी टो करायला परवानगी द्यायची ती गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने, आणि टोइंगचा खर्च गाडीमालकाच्या माथी. यात सोसायटीचा चेअरमन कुठेच नाही. शिवाय याच कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे ती जागा, त्यामुळे गेट, वॉचमन आणि रजिस्टर असलेलं तुमचं कंपाउंड त्यात बसवणं अवघडच. म्हणजे गेटबाहेर रस्त्यावर कोणी गाडी आडवी लावली तर ११२ ला किंवा ट्रॅफिक पोलिसांना फोन, तिथे तुमच्या टोइंगवाल्याचं काही काम नाही. आणि गेटच्या आत असेल तर मालकाच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही, पोलिसांना लेखी कळवून त्यांच्या सांगण्याने काय ते करायचं. चाकाला जॅमर लावायचा बऱ्याच जणांना लई सोस असतो, पण तोही भांडणाला आमंत्रण असतो, समोरच्याला दवाखान्यात जायचं असेल आणि गाडी अडकली तर काय उत्तर देणार तुम्ही.

मग उरतं काय? भरपूर उरतं. मेंबरची बंद पडलेली गाडी, पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरून अडकलेल्या गाड्या, रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंग निघालं की मालक परगावी असलेल्या पण फोनवर संमती दिलेल्या गाड्या सरकवणं, आणि वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाड्यांची रीतसर विल्हेवाट. शेवटच्या कामालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो म्हणून ते आधी सांगतो.

पडीक गाडी असेल तर टोइंगवाल्याला फोन करायच्या आधी निदान महिना-दीड महिना कागदावर काम करायचं. तुमची सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खाली नोंदलेली आहे की डीड ऑफ डिक्लरेशन केलेलं अपार्टमेंट आहे (महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७०) ते आधी बघा, नाशकात दुसऱ्या प्रकारच्या बिल्डिंगा भरपूर आहेत आणि लोक दोन्हीला सोसायटीच म्हणतात. सोसायटी असेल तर आदर्श उपविधींमध्ये ७८ पासून पुढे पार्किंगचे नियम आहेत, अपार्टमेंट असेल तर डिक्लरेशनसोबत जोडलेले तुमचे स्वतःचे बायलॉज. त्यानुसार जनरल बॉडीत पार्किंगचा ठराव घ्या, त्यात पडीक गाडी कशाला म्हणायचं, किती दिवसांची नोटीस आणि खर्च कोणाचा हे स्पष्ट लिहा. मग गाडीच्या काचेवर नोटीस, फोटो तारखेसकट, नोटीस बोर्डवर एक प्रत, आणि आरसीवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने एक. पत्ता तुम्हाला सहज मिळणार नाही, सरकारच्या एम-परिवहन ॲपवर मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, त्यामुळे फ्लॅटमालकाला धरा, भाडेकराराच्या कागदात मिळेल बहुतेक. (म्हणूनच आता आम्ही भाडेकरू येतानाच गाडीचा नंबर, आरसीची झेरॉक्स आणि एक पर्यायी मोबाईल नंबर घेतो, आणि जाताना गाडी नेल्याशिवाय सामान हलवायची एनओसी देत नाही.) गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेलाही पत्र, कारण हप्ते थकले असतील तर बँक स्वतःच येऊन घेऊन जाते आणि तुमचं काम फुकटात होतं. एवढं करूनही कोणी आलं नाही तर सगळ्या कागदांची फाईल घेऊन पोलीस स्टेशनला अर्ज, पोच घेऊन. गाडी चोरीची पण असू शकते, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पडीक दुचाकी असतील तर प्रक्रिया हीच, फक्त त्यांना क्रेन लागत नाही, छोटा हत्ती आणि चार माणसं बास.

बरं, आता टोइंगवाला. त्याच्याकडे गाडी कोणती आहे त्यावर अर्धा खेळ अवलंबून आहे. साखळी-हुकवाली जुनी क्रेन, जिच्यात गाडीचं तोंड टांगतात, ती आजकालच्या प्लास्टिकच्या बंपरला लावूच नका. अंडरलिफ्ट म्हणजे पुढची किंवा मागची दोन चाकं पट्ट्यांवर उचलून बाकीची दोन रस्त्यावर चालतात, साध्या मॅन्युअल गाडीला जवळच्या अंतरासाठी चालतं, पण इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते ती चाकं वर पाहिजेत, नाहीतर ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स जातो, कारण इंजिन बंद असताना आतलं ऑईल फिरत नाही आणि चाकं मात्र फिरत राहतात. फोर बाय फोर आणि ईव्हीला सरळ फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून न्यायची. ईव्हीची चाकं जमिनीवर फिरली की मोटर पण फिरते आणि वीज तयार होते, त्यातून आतलं सामान तापून खराब होऊ शकतं, मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. आमच्या ६४ फ्लॅटमध्ये आज अकरा ईव्ही आहेत, त्यामुळे ज्याच्याकडे फ्लॅटबेड नाही त्याच्याशी मी पुढे बोलतच नाही.

पण फ्लॅटबेड बेसमेंटमध्ये उतरत नाही, आणि इथेच बहुतेक सोसायट्या फसतात. फोनवर सगळे हो म्हणतात, गाडी आली की रॅम्पच्या तोंडाशी उभी राहून ड्रायव्हर मान हलवतो आणि "साहेब, जायचं नाही" म्हणून यायचे पैसे मागतो. आमच्या रॅम्पवरचा बीम सव्वासात फुटांवर आहे, त्यावरून स्प्रिंकलरचा पाईप गेलाय तो वेगळा. तुम्ही टेप घेऊन तीन मापं काढा: रॅम्पच्या सगळ्यात खालच्या बीमची किंवा पाईपची उंची, रॅम्पची रुंदी वळणावर, आणि गेटची रुंदी. ही मापं टोइंगवाल्याला व्हॉट्सॲप करा आणि विचारा, बेसमेंटमधली गिअर अडकलेली गाडी वर कशी आणणार? चांगला माणूस सांगतो की चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घालून गाडी रॅम्पपर्यंत ढकलत आणू आणि वरून विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढू. मग विचारा विंचचा दोर किती मीटरचा आहे, आणि तो लोखंडी आहे की सिंथेटिक. ज्याला हे प्रश्न नवीन वाटतात त्याने बेसमेंटमधून गाडी काढलेली नाही असं समजा.

हायड्राचा, म्हणजे कारखान्यांत फिरते त्या चाकांवरच्या क्रेनचा, विषय निघतोच. अंबड-सातपूर एमआयडीसीमुळे आपल्याकडे हायड्रा ढिगाने, कोणीतरी मेंबर म्हणतोच की माझ्या कंपनीतली पाठवतो, दहा मिनिटांचं काम. नको. हायड्राचं स्वतःचं वजन दहा टनांच्या पुढे आणि तुमच्या पोडियमचा (बेसमेंटच्या वरच्या अंगणाचा) स्लॅब कार उभ्या राहाव्यात एवढ्या हिशोबाने टाकलेला. बऱ्याच बिल्डिंगमध्ये गेटमधून आत आल्या आल्या पेव्हर ब्लॉकच्या खालीच पाण्याची टाकी असते आणि ते जुन्या मेंबरशिवाय कोणाला आठवत नाही. फ्लॅटबेड ट्रकसुद्धा रिकामा असला तरी कारपेक्षा कितीतरी जड, तो पण टाकीवर उभा करू देऊ नका, गेटबाहेर उभा राहून विंचने ओढू द्या. वॉचमनला दाखवून ठेवा टाकी कुठून कुठपर्यंत आहे ते, आम्ही तर पिवळ्या रंगाने चौकोनच मारलाय.

कागदपत्रं बघताना लाजायचं नाही. टोइंगच्या ट्रकचा नंबर घ्या आणि एम-परिवहनवर टाका, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी चालू आहे का ते तिथेच दिसतं, आणि व्हेइकल क्लासच्या रकान्यात ब्रेकडाऊन व्हॅन, टो ट्रक, रिकव्हरी व्हेइकल असं काहीतरी आलं पाहिजे. साध्या मालवाहू पिकअपला मागे वेल्डिंग करून बूम (गाडी उचलायचा दांडा) लावलेला असेल तर तिथे गुड्स कॅरियर दिसेल. असले जुगाड रस्त्यावर दिसतात, पण उद्या काही झालं तर त्याची इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते, मग मेंबर तुमच्याकडे बघणार. मी आमच्या त्या स्वस्तवाल्याचा नंबर नंतर टाकून पाहिला, फिटनेस संपून वर्ष झालं होतं. ड्रायव्हरचं लायसन्स, दुकानाचा पत्ता आणि जीएसटीचं बिल मिळेल का तेही विचारा. आणखी एक, गाडी उचलताना आणि वाहतुकीत नुकसान झालं तर भरून देणारा वेगळा विमा आहे का विचारा, बहुतेकांकडे नसतो, निदान "आमच्या चुकीने झालेलं नुकसान आम्ही भरू" हे लेटरहेडवर लिहून घ्या. लिहून देत नाही म्हणाला तर पुढचा नंबर लावा.

यार्ड बघायला प्रत्यक्ष जा. आम्ही तिघं जण स्कूटरवर गेलो होतो, एका ठिकाणी यार्ड म्हणजे आडगावच्या पुढे एका शेताला घातलेलं तारेचं कुंपण निघालं, आत बकऱ्या. दुसऱ्याचं पत्र्याचं शेड, कॅमेरा, रात्री माणूस, गाड्यांच्या चाव्या लेबल लावून खिळ्यांना टांगलेल्या. मला बाकी काही बघायची गरजच वाटली नाही. यार्डचं भाडं दिवसाला किती आणि कितव्या दिवसापासून सुरू होतं ते विचाराच. आणि जागा नदीकाठाला किंवा नाल्याला लागून असेल तर नकोच, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की दरवर्षी गोदाघाटावर गाड्या अडकतात आणि तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कितपत पाणी लागलं ते बघायला आपण सगळे पुलावर उभे असतो, त्यात आपल्याच मेंबरची गाडी दिसायला नको.

रेटचं असं आहे की फोनवर सांगतात तो आकडा कधीच शेवटचा नसतो. पहिले किती किलोमीटर त्यात धरलेत, पुढे किलोमीटरला किती, किलोमीटर त्याच्या दुकानापासून मोजणार की आपल्या गेटपासून (यात मोठा फरक पडतो, अंबडहून म्हसरूळला यायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं), रात्रीचे जादा किती, बेसमेंटचे किती, थांबायचे किती, येऊन काम न होता परत गेला तर किती. हे सगळं एका कागदावर घ्या, तीन जणांकडून घ्या, कमिटीच्या मिनिट्समध्ये जोडा. महिन्याला ठरावीक पैसे देण्याचा करार करू नका, साठ-सत्तर फ्लॅटच्या सोसायटीला वर्षात फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे कॉल होतात, त्यापेक्षा ठरलेला रेट आणि सोसायटीच्या कॉलला आधी येण्याचं आश्वासन एवढंच पुरे. मेंबरची गाडी असेल तर पैसे मेंबरने थेट द्यायचे, सोसायटीच्या खात्यातून नाही. सोसायटीकडून देत असाल आणि एका बिलाला ३०,००० किंवा वर्षात मिळून १ लाखाच्या वर गेलं तर टीडीएस कापायचा विसरू नका, तुमचे सीए बघतील ते. आणि गाडीमागे वॉचमनला किंवा कमिटीतल्या कोणाला "चहापाणी" देणारा असेल तर तिथेच रामराम करा, कारण मग नको त्या गाड्या उचलायचे फोन जायला लागतात.

बाय द वे, मेंबरांना आधी सांगा की स्वतःच्या पॉलिसीत किंवा कंपनीच्या वॉरंटीत रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा, बऱ्याच जणांचं टोइंग फुकटात होतं आणि त्यांना माहीतच नसतं. फक्त ते लोक बेसमेंटमध्ये उतरायला बऱ्याचदा नाही म्हणतात, गाडी वर आणून द्या म्हणतात. तेवढ्यापुरता मग आपला माणूस.

ठरवायच्या आधी एक ट्रायल घ्या, म्हणजे एखादी खरंच बंद पडलेली गाडी त्याला द्या आणि बाजूला उभं राहून बघा. गाडीला हात लावायच्या आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढतो का, आतलं सामान मालकासमोर काढून घेतो का, किलोमीटरचा आकडा लिहितो का, टो-हुक मागतो का. हा टो-हुक स्टेपनीच्या पान्यांसोबत असतो, बंपरवर एक छोटं झाकण असतं त्याच्या मागे फिरवून बसवायचा, काही गाड्यांत उलटे आटे असतात. आमच्या मेंबरांपैकी निम्म्यांना हा हुक आपल्या गाडीत आहे हेच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, त्या दिवशी कळलं. जो माणूस हुक न मागता खाली वाकून मिळेल त्या दांड्याला साखळी गुंडाळतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

पावसाळ्याचं जूनच्या आधीच बोलून ठेवा, कारण जोराचा पाऊस झाला की अख्ख्या शहराचे फोन त्याच चार लोकांना जातात. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल मारायचा नाही हे मेंबरांच्या ग्रुपवर दरवर्षी टाका, इंजिनमध्ये पाणी गेलेलं असताना स्टार्ट केलं तर इंजिन जातं आणि इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन नसेल तर इन्शुरन्सवाले ते नुकसान सहसा धरत नाहीत. पाण्यात ईव्ही असतील तर आधी बेसमेंटची लाईट आणि चार्जिंग पॉइंटची मेन स्विच बंद, मगच टोइंगवाल्याची माणसं खाली. २०२७ च्या सिंहस्थाचाही विचार करा, पंचवटी, तपोवन, द्वारका या बाजूला सोसायटी असेल तर पर्वणीच्या दिवसांत टो ट्रक तुमच्यापर्यंत पोचेल का हे आताच विचारून ठेवा, आणि बाहेरगावच्या गाड्या गेटसमोर लागणारच, त्यासाठी बॅरिकेड आणि जादा वॉचमन लावा, टोइंगवर विसंबू नका.

सगळं ठरलं की वॉचमनच्या केबिनमध्ये एक कागद चिकटवा. आमच्याकडे वर ११२ आहे, त्याखाली आपल्या पोलीस स्टेशनचा नंबर, मग सेक्रेटरी आणि चेअरमन, आणि सगळ्यात खाली टोइंगवाला, त्याच्यापुढे जाड पेनाने लिहिलंय: "मालकाची सही किंवा मेसेज असल्याशिवाय फोन करायचा नाही." आमचे वॉचमन मामा हे इतकं मनावर घेतात की मागच्या महिन्यात माझी स्वतःची गाडी बंद पडली तर त्यांनी माझ्याकडून पण सही घेतली.